अक्षरी रुपये दोन हजार फक्त

"टीचर, हे तुम्हीच भरा की."

२०२३ची दिवाळी नुकतीच झाली होती. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात बँकेत पासबुकावर एंट्री मारून घ्यायला मी गेले होते, तर रांगेत पुढे आमच्या आठवीतली मुलगी आजीबरोबर उभी. आजीच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक, नातीच्या हातात पैसे काढायची स्लिप. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार जमा झाले होते. रेशनकार्डावर घरची कर्ती बाई म्हणून आजीचं नाव, त्यामुळे पैसे तिच्या खात्यावर. ऑगस्टात ही योजना सुरू झाल्यापासून पैसे पडले की चार-पाच दिवस आमच्याकडच्या बँकेत पाय ठेवायला जागा नसते.

मुलगी वर्गात पहिली. गणितात पैकीच्या पैकी. अक्षर असं की फळ्यावरचा सुविचार मी तिलाच लिहायला लावते. आणि स्लिपवर तिनं फक्त तारीख घातली होती.

"अगं, सोपं आहे की. खाते नंबर इथं, रक्कम इथं."

"आकड्यात येतंय टीचर. पण अक्षरी म्हणजे कुठल्या भाषेत लिहायचं?"

मी स्लिप हातात घेतली. कन्नड, हिंदी, इंग्रजी. आम्ही घरात जी बोलतो ती कुठंच नाही. कन्नडचा धडा ही पोर घडाघडा वाचते, पण ‘एरडु साविर’ काउंटरवरच्या माणसासमोर लिहायचं म्हटल्यावर तिचा हात थांबला होता. चुकलं तर? स्लिप परत आली तर? मागं वीस माणसं.

"देवनागरीत लिही. हिंदीत दो हजार, आपलं दोन हजार. एक न जास्त झाला म्हणून कोण परत पाठवत नाही."

तिनं लिहिलं, ‘दोन हजार फक्त’. आजीचा अंगठा, साक्षीदार म्हणून माझी सही. क्लार्कनं मानही वर न करता शिक्का मारला.

बस जांबोटीच्या रस्त्याला लागेपर्यंत मला काही वाटलं नाही. मग वर्गातला तक्ता आठवला आणि वाटायला लागलं.

तक्ता असा की, दोनच महिन्यांपूर्वी मी जीवनकौशल्यांचं ट्रेनिंग घेऊन आले होते. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९०च्या दशकात मुलांसाठी दहा कौशल्यं सांगितली. स्वतःची जाणीव, समानुभूती, चिकित्सक विचार, निर्णय घेणं, ताण हाताळणं वगैरे. मी ती दहा रंगांच्या दहा पाकळ्यांत लिहून भिंतीवर लावली. मुलांनी वहीत तसंच फूल काढलं, रंगवलं. चाचणीत प्रश्न टाकला तर एकोणीसपैकी सतरा जणांना दहाच्या दहा आली. ‘समानुभूती’चा दुसरा उकारही कुणी चुकवला नाही. मी खूश होते, खोटं कशाला बोलू. त्या सतरांत ही मुलगी होतीच.

तक्त्यात चूक काही नाही, ते शब्द खरेच आहेत. पण आमच्या मुलांची समस्या सोडवायची वेळ येते तेव्हा ती पाकळीत बसून येत नाही. ती परक्या भाषेतला कागद होऊन येते, काचेपलीकडच्या माणसाची कपाळावरची आठी होऊन येते.

आणखी एक गोष्ट कबूल करायला पाहिजे. मी स्वतः बेळगावात वाढले, मराठी शाळेत शिकले, मराठी शाळेत शिकवते. कन्नड वाचता येतं, परीक्षाही पास झाले आहे. पण बोलायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटते. घराचे कागद, उतारा, लाइटबिलाची तक्रार, सगळीकडे नवरा जातो. ‘तुलाच वेळ आहे’ असं मी म्हणते आणि तोही बिचारा ते खरं मानून चालतो. त्या पोरीचा थांबलेला हात मी लगेच ओळखला, तो यामुळं.

कर्नाटकात महिन्यातून एक शनिवार दप्तराविना असतो. त्याचं सरकारी नाव ‘संभ्रम शनिवार’. कन्नडमध्ये संभ्रम म्हणजे आनंदसोहळा. मराठीत काय, ते तुम्हाला माहीत आहे. पहिलं परिपत्रक आलं तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये दहा मिनिटं नुसता हशा चालला होता. त्या दिवशी गाणी, चित्रं, रस्त्याचे नियम असं काहीबाही घेतो. हेडसरांना म्हटलं, आठवीचे हे शनिवार मला द्या. ते म्हणाले, "घ्या, पण जंगलात नेऊ नका."

पहिल्या शनिवारी प्रत्येकाला कोरी चिठ्ठी दिली. नाव घालायचं नाही. ‘मोठ्या माणसाशिवाय मला काय जमत नाही?’ एवढंच लिहायचं. मला वाटलं होतं, अभ्यासाबद्दल लिहितील. चिठ्ठ्या अशा निघाल्या:

‘बसचा बोर्ड वाचेपर्यंत बस जाते.’ ‘सिलिंडर बदलायला.’ ‘भात.’ (अक्षर मुलाचं होतं.) ‘कन्नडमधे बोलले तर हसतात.’ ‘पोहायला येत नाही पण सांगितलं नाही कुणाला.’ ‘दवाखान्यात डॉक्टरला आपलं आपण सांगायला.’ आणि एका चिठ्ठीवर नुसतं, ‘नाही म्हणायला.’

ही शेवटची चिठ्ठी माझ्या पर्समध्ये बरेच दिवस होती. नाव न घालायची अट मीच घातलेली, त्यामुळं कुणाची ते विचारता येईना. पोटात गोळा आला होता. पुढच्या आठवड्यात मी वर्गाला १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर सांगितला, फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला आणि म्हटलं, मधल्या सुट्टीत कुणाला काही बोलायचं असेल तर मी लायब्ररीत बसते. तीन दिवस कुणी आलं नाही. चौथ्या दिवशी एक मुलगा आला. वरच्या आळीतली मोठी पोरं दुकानातून गुटखा आणायला पाठवतात, नाही म्हटलं तर क्रिकेटात घेत नाहीत. माझा जीव भांड्यात पडला. त्याचा नाही पडला. त्याच्यासाठी ती गोष्ट तेवढीच मोठी होती.

मग आम्ही नाटक केलं. मी मोठा दादा झाले, दुपट्ट्याचा मफलर करून. "ए, जा रे, दोन पुड्या आण." मुलांनी एकेक करून नाही म्हणायचं. पहिल्या फेरीत सगळे कारणं सांगायला लागले: आई ओरडते, पैसे नाहीत, पाय दुखतोय. प्रत्येक कारणावर माझ्याकडं तोड तयार. एक पोरगी तेवढी उठली आणि म्हणाली, "मी आणणार न्हाई." पुढं काहीच नाही. मी, म्हणजे दादा, गप्प. दुसरं काही बोलायला जागाच ठेवली नव्हती तिनं. कारण दिलं की समोरचा कारणाशी भांडतो, हे ट्रेनिंगच्या पुस्तिकेत मला सापडलं नव्हतं.

माझी चूक झाली ती व्याजाच्या तासाला.

आमच्याकडं व्याज शेकड्यावर बोलतात. "शेकडा तीननं घेतलंय" म्हणजे शंभराला महिन्याला तीन रुपये. मुलांना विचारलं, किती टक्के? सगळे म्हणाले, तीन. बँक सोन्यावर नऊ-दहा टक्के सांगते आणि सावकार तीन, मग सावकार बरा! वर्गाचं गणित पक्कं आहे, महिना आणि वर्ष यांतला फरक तेवढा कुणी सांगितला नव्हता. बारानं गुणल्यावर ३६ आले तसा वर्गात एकदम आवाज बसला.

मग दुसरं उदाहरण घेतलं. दहा हजार घेतले, बारा महिने हजार-हजार भरले. दोन हजार जादा गेले. किती टक्के? "वीस!" बरोबरच वाटतं. फळ्यावर बारा चौकोन काढले. दर महिन्याला मुद्दलातलं थोडं परत जातंय. सहा हप्ते भरल्यावर निम्मं मुद्दल परत गेलंय, तरी व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या दहा हजारांवरच चाललंय. वर्षभरात सरासरी आपल्या हातात साडेपाच हजारसुद्धा नव्हते. त्यावर दोन हजार. म्हणजे पस्तीस टक्क्यांच्या वर. मागच्या बाकावरचा एक जण, जो एरवी खिडकीतून बाहेरच बघत असतो, तो उठून फळ्याजवळ आला आणि चौकोन परत मोजून गेला.

इथवर ठीक होतं. मग मी उत्साहात म्हटलं, घरी जाऊन बघा, तुमच्याकडं कुठलं कर्ज आहे आणि त्याचं खरं व्याज किती येतं.

सोमवारी प्रार्थनेच्या आधी एका मुलाचे वडील गेटवर. सायकल स्टँडवर न लावता तशीच हातात धरून उभे. आवाज चढवला नाही त्यांनी. "टीचर, आमच्या घरातला हिशेब शाळेत कशाला? पोरगं काल जेवताना सगळ्यांसमोर म्हणालं, बाबा तुम्हाला फसवलंय. माझी आई होती, पाव्हणे होते." मी माफी मागितली. ते म्हणाले, "फसवलंय ते मला माहीत नव्हतं असं न्हाई हो. दुसरं कोण देणार होतं त्या वेळी?"

त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्या दिवसापासून वर्गात घरचे आकडे बंद. आम्ही एक खोटं कुटुंब केलं. चार माणसं, दीड एकर भात, थोडी रताळी, एक म्हैस. सगळी कर्जं, सगळे दवाखाने, सगळी लग्नं त्या कुटुंबाच्या डोक्यावर. मुलं त्यांच्यावर इतका जीव टाकायला लागली की म्हैस आटली तेव्हा दोघींनी मला सुनावलं, टीचर, किती वाईट करायलाय त्यांचं.

भाताचा शनिवार सोपा गेला. शाळेच्या स्वयंपाकाच्या मावशींनी मुलांना तांदूळ निवडायला, धुवायला, बोटाच्या पेरानं पाणी मोजायला शिकवलं. इंद्रायणी जरा जास्त पाण्यात पडला की त्याची खीर होते, ती झाली, आणि सगळ्यांनी ती लोणच्याबरोबर खाल्ली. सिलिंडरचं वॉशर कुठं असतं ते प्रत्येकानं हात लावून पाहिलं. बास.

सापाचा शनिवार मात्र पावसाळ्याच्या आधीच मुद्दाम घेतला. खानापूरच्या पश्चिमेला पाऊस म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, आणि जूननंतर सगळा मुलूखच उगम पावल्यासारखा वाहत असतो. मुलं शेतातून, रानातून चालत येतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही चार नावं त्यांना माझ्याआधी माहीत होती. चावल्यावर काय करायचं? आवळून बांधायचं, ब्लेडनं चिरायचं, देवळात न्यायचं. ही तिन्ही उत्तरं मोठ्यांकडून आलेली, म्हणून त्यांना नुसतं ‘चूक’ म्हणून भागत नाही. घट्ट बांधलं की रक्त थांबतं आणि पाय सडायला लागतो. चिरलं की विष बाहेर येत नाही, जखम मात्र मोठी होते. चावलेला हात-पाय हलवायचा नाही, काठी लावून फळकुटासारखा सरळ ठेवायचा, माणसाला चालवायचं नाही, आणि सरळ सरकारी दवाखाना गाठायचा, कारण उतारा म्हणजे प्रतिविषाचं इंजेक्शनच, ते देवळात नसतं. १०८ला फोन लावायचा.

"कुठनं लावायचा टीचर?" एकानं विचारलं. "रेंज हाय कुठं?"

वर्ग हसला. पण प्रश्न बरोबर होता. माझ्या सगळ्या तयारीत तो नव्हता. मग उरलेला तास आम्ही गावाचा नकाशा काढला आणि प्रत्येकानं रेंज मिळते ती जागा खुणावली. देवळाची तिसरी पायरी (दुसरीवर नाही). पाण्याच्या टाकीखाली. एका घराच्या परसातला फणस, पण त्यावर चढायला लागतं. कुठल्या जागी कुठल्या कंपनीचं कार्ड चालतं, हेही लिहिलं. तो नकाशा पाकळ्यांच्या तक्त्याच्या बाजूला लावला. पंचायतीचा एक मेंबर काही कामानं शाळेत आला होता, त्यानं मोबाइलवर त्याचा फोटो काढून नेला. पाकळ्यांचा नाही नेला.

फेब्रुवारीत बेळगावला न्यायचं ठरलं. हेडसर कुरकुरले, एसडीएमसीची, म्हणजे शाळेच्या विकास आणि देखरेख समितीची, बैठक झाली. तिथं एका वडीलधाऱ्यांनी मला थेट विचारलं, "टीचर, तुम्ही पोरांना कन्नड बोलायला शिकवायलात म्हणे?"

सीमाभागात हा साधा प्रश्न नसतो. १९५६पासून हा माणूस ज्या लढ्यात वाढला, त्यात त्याच्या घरच्यांनी लाठ्या खाल्ल्या आहेत. तो म्हणाला, "पंधरा टक्क्यांच्या वर भाषक असतील तिथं त्यांच्या भाषेत कागद मिळाला पाहिजे. नियम हाय." मी म्हटलं, "आहेच की काका. तो कागद मागायला तरी पोरांना काउंटरवर उभं राहता आलं पाहिजे. विचार मराठीतच करू दे. विचारायला तेवढं कन्नड." ते हसले नाहीत, पण सही केली.

बेळगावच्या मध्यवर्ती बस स्टँडवर उतरेपर्यंत मुलींचं चिडवणं चालू. शक्ती योजनेमुळं २०२३च्या जूनपासून कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट. त्यांच्या हातात शून्य रुपयांचं तिकीट, मुलांच्या हातात पैशांचं. काम एवढंच होतं: प्रत्येकानं कन्नड बोर्ड वाचून आपल्या गावाकडं जाणारी एक बस शोधायची, आणि एका अनोळखी माणसाला कन्नडमध्ये एक प्रश्न विचारायचा. आकड्यांची तयारी वर्गात झाली होती. कन्नड एक म्हणजे खालून उघडा राहिलेला शून्य, हे एकदा लक्षात आलं की बाकीचे जमतात. सहा आणि नऊ मात्र शेवटपर्यंत छळतात. आणि एक वाक्य सगळ्यांचं पाठ होतं: "नंगं कन्नड स्वल्प बरतैति, निधान हेळ्री." मला कन्नड थोडं येतं, सावकाश सांगा. आमच्या सगळ्या अभ्यासक्रमात हेच वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटतं. येत नाही हे लपवायला जो जीव जातो, तो वाचतो.

गुटख्याचा तो मुलगा एका कंडक्टरपुढं जाऊन उभा राहिला. मी खांबाआड. ओठ हलताना दिसले, दोनदा घोट गिळला. मग एका दमात पूर्ण वाक्य आणि त्याच्यामागं खानापूरच्या शेवटच्या बसचा प्रश्न. कंडक्टरनं त्याच्याकडं बघितलं आणि स्वच्छ मराठीत म्हणाला, "कुठल्या शाळेचा रे तू? आठ नंबरवर जाऊन बघ जा."

पोरगं रागानं लाल होऊन परत आलं. "टीचर, मी एवढं पाठ केल्तो आणि तो मराठीच निघाला!"

"मराठी नसेल रे. त्याला दोन्ही येत असेल."

"मग मलापण दोन्ही यायला पाहिजे," तो म्हणाला. अजून रागातच होता.

पहिल्या नंबरची मुलगी आता हायस्कुलात आहे. पैसे पडतात त्या दिवसांत गल्लीतल्या पाच-सहा आज्या पासबुकं घेऊन तिच्या दारात येतात. परवा बसमध्ये भेटली तेव्हा वैतागली होती. तिनं एका जुन्या पुठ्ठ्यावर स्लिप भरून चिकटवली आहे, कुठं काय लिहायचं ते बाण काढून, आणि आज्यांच्या नातवंडांना तो पुठ्ठा धरायला लावते. "त्यांचं त्यांनी भरायचं, मी न्हाई भरणार," म्हणाली. हे ‘न्हाई’ तिनं कुठं शिकलं ते मी विचारलं नाही.

माझं राहिलं. गेल्या महिन्यात घराच्या कागदात आडनावाचं एक अक्षर चुकलेलं निघालं. नवऱ्याला सांगायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. पर्समध्ये कागद घातले आणि एकटीच कचेरीत गेले. काउंटरवर माझं वाक्य मी नीट म्हटलं, "निधान हेळ्री"सकट. समोरच्या माणसानं कागद उलटासुलटा केला आणि सावकाशच सांगितलं, "नाळि बर्री." उद्या या. भूत घरात शिरू नये म्हणून दारावर ‘नाळे बा’ लिहायचे, ही गोष्ट कर्नाटकात सगळ्यांनी ऐकलेली असते. कचेऱ्यांना ते लिहावंही लागत नाही.

शनिवारी वर्गात सांगितलं. आता हे आठवीचे नवे, तेवीस जण. सगळे फुटेस्तोवर हसले. मग पुढच्या बाकावरची एक विचारते, "मग गेलात काय टीचर, नाळि?"

नव्हते गेले.

"कधी जाणार?"

हेडसरांकडं जाऊन सोमवारची अर्धी रजा लिहून दिली. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं ते विचारायला दोघी जणी माझ्याबरोबर ऑफिसच्या दारापर्यंत आल्या होत्या.